हळू वाजवायचं मशीन

शकूताई परब दुकानात जाऊन यंत्राचा वास घेत. खरंच घेत. दुकानदाराने ॲम्प्लिफायर काउंटरवर ठेवून वायर लावली, की शकूताई आधी घड्याळ बघणार, पदर खोचणार आणि म्हणणार, "होल्ड करा. तापू दे." मग पाच मिनिटं सगळं दुकान थांबायचं. आतले काचेचे व्हॉल्व लालसर झाले की त्या वाकून जाळीपाशी नाक न्यायच्या. जळकट वास आला तर पर्स उचलून सरळ बाहेर, आवाजसुद्धा न ऐकता. त्यांच्या मागोमाग मी, दुकानदाराची नजर चुकवत.

"होल्ड करा" हे नोकरीतून आलेलं. अंधेरीच्या एका औषध कंपनीत त्या तेवीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होत्या. त्यामुळे भाजीवाला, सोसायटीचे सेक्रेटरी, आरतीची घाई करणारे भटजी, सगळ्यांना त्या लाइनवर थांबवून ठेवत. स्वभाव ताठ. कधी कुणाकडे वाटीभर साखर मागितली नाही. त्यांनी स्वतःची चूक कबूल केल्याचं मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगीत कुणाच्या ऐकिवात नव्हतं. मी समोरच्या दाराची, शाळेतली मास्तरीण. पण त्या मला विद्यार्थिनीसारखं वागवत आणि मी ते चालवून घेत असे, कारण बहुतेक वेळा त्यांचंच बरोबर निघे. याचा मला रागही येई.

त्या वर्षी बिल्डिंगीत घरोघरी रंगीत टीव्ही येत होते. शकूताई मात्र व्हॉल्वचा ॲम्प्लिफायर शोधत होत्या, तोही माउथ ऑर्गनसाठी, तोही घरात वाजवायला. लोक म्हणाले, बाई बिघडली. मला खरं काय ते माहीत होतं, पण बोलायची चोरी.

खरं कारण होते दादा, त्यांचे थोरले भाऊ. दोघंही बिनलग्नाची, आई गेल्यापासून दोघांचंच घर. दादांचं आयुष्य गिरणीत कापूस पिंजायच्या खात्यात गेलं. पण माउथ ऑर्गन असा वाजवत, की ते गच्चीवर बसले तर खाली मैदानातली क्रिकेटची पोरं बॉल टाकायची थांबत. पुढे कापसाने छातीत घर केलं आणि दम पुरेना. एका गणपतीत भजनाची चाल वाजवताना त्यांची ओळ तीनदा तुटली. कुणी हसलं नाही, उलट सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या टाळ्यांनीच घात केला. दादांनी माउथ ऑर्गन मलमलच्या फडक्यात गुंडाळून कपाटावर टाकला. तेव्हापासून संध्याकाळभर खिडकीत बसून राहायचे. जेवण निम्म्यावर आलं.

मी एकदा शहाणपणा करून म्हटलं, "दादा, माईक आणि छोटा ॲम्प्लिफायर घ्या ना. हळू वाजवलं तरी ऐकू येईल." दादा इतके संतापले की त्यांना खोकल्याची उबळ आली. "सायकलीक इंजिन लावणारो मी नाय," एवढंच कसंबसं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शकूताईंनी मला जिन्यात गाठलं. "ऐक. दादाने वाजवायला पाहिजे. नाहीतर तो असाच खिडकीत संपेल. पण त्याला कुणी वाजवायला लावलं, असं वाटता कामा नये. मशीन आणि एक नवा माउथ ऑर्गन मी माझ्यासाठी घेणार. शनिवारी दुपारी मोकळी आहेस ना? आहेसच."

असे आमचे शनिवार सुरू झाले. बोरिवलीच्या मंडपवाल्याने आपला जुना ॲम्प्लिफायर दोन माणसांकडून उचलून आणवला. "ताई, पाच हजार पब्लिकला ऐकू जाईल, गॅरंटी!" शकूताई म्हणाल्या, "माझी खोली बारा बाय दहाची आहे. पाच हजार लोकांना चहा कोण देणार?" अंधेरीत एकाने चकाचक ट्रान्झिस्टरवाला दाखवला, झटपट सुरू होणारा. तापायची भानगडच नाही म्हटल्यावर तो तिथेच बाद झाला. तरी मी म्हटलं म्हणून त्यांनी वाजवून पाहिला. "स्टीलच्या पेल्यात चमचा आपटल्यासारखा वाटतो," म्हणाल्या आणि निघाल्या.

घाटकोपरचा हसमुखभाई जुन्या रेडिओंचे भाग काढून लाकडी खोक्यात छोटे ॲम्प्लिफायर बांधून द्यायचा. त्याच्याकडे वासाची परीक्षा पास झाली. शकूताईंनी माईक आणि माउथ ऑर्गन एकाच ओंजळीत धरले आणि इतकं हळू फुंकलं, की शेजारी उभं राहून मलाही काही कळेना.

"बेन, थोडा जोर से बजाओ ना," हसमुखभाई म्हणाला.

"जोर से बजाने का, तो तेरे मशीन का काम क्या?" शकूताई म्हणाल्या. "जिसका दम कम है, उसका सुनाई देना मंगता. होल्ड करो."

त्यांनी पुन्हा फुंकलं. या वेळी खोक्यातून सूर आला, भरलेला, किंचित घोगरा आणि उबदार. दादांचीच भजनाची चाल, दोन ओळी, एकही चूक नाही. लहानपणी दादांनीच शिकवलं होतं त्यांना. हसमुखभाईच्या हातातला चहा तसाच राहिला. शकूताईंनी तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "पॅक कर."

त्यानंतरचे आठ दिवस बिल्डिंगीची वाट लागली. रोज संध्याकाळी सहाला शकूताई मशीन तापवत आणि तीच चाल वाजवत, पण भयंकर. दुसऱ्या ओळीला न चुकता घसरत. पुन्हा पहिल्यापासून सुरू करत आणि पुन्हा तिथेच घसरत. सेक्रेटरींनी मला मध्यस्थ म्हणून पाठवलं. मला वाटलं, मशीन फसलं. मी कानात विचारलं, तर शकूताईंनी डोळे वटारले. "मशीन उत्तम आहे. तू गप्प बस."

नवव्या दिवशी मी तिथेच भाजी निवडत बसले होते. दुसरी ओळ घसरली आणि खिडकीतून आवाज आला, "ह्याच्यापेक्षा रेडो बरो ओरडता गो!"

शकूताईंनी ऐकलंच नाही. पुन्हा सुरू केलं, पुन्हा घसरल्या.

दादा उठले. स्टूल ओढून कपाटावरचं मलमलचं फडकं काढलं. "हय दी तो माईक. हो सूर आत ओढून घेवचो, फुंकूचो नाय. कळलां?" आणि त्यांनी वाजवून दाखवलं. जेमतेम पावशेर दम असेल, पण खोली भरली. ओळ तुटली नाही. दादा क्षणभर थांबले, खोक्याकडे बघितलं आणि बहिणीवर खेकसले, "आता तू वाजव." शकूताईंनी वाजवलं आणि इमानदारीत घसरल्या.

तेव्हापासून रोज सहाला शिकवणी. दादा मशीनवर वाजवत नव्हते, छे! ते मठ्ठ बहिणीला शिकवत होते. आल्यागेल्याला सांगत, "दोन वर्षां झाली, हिका जमणां नाय." आणि नोकरीच्या तेवीस वर्षांत कुणाचं ऐकून न घेतलेल्या शकूताई पाहुण्यांसमोर मान खाली घालून म्हणत, "नाहीच जमत मला." दादा पुन्हा पोटभर जेवू लागले. मला त्या बाईचा असा अभिमान वाटायचा, की शाळेत सांगावंसं वाटे. सांगता यायचं नाही, हीच पंचाईत.

परवा डॉक्टर म्हणाले, छाती आणखी निकामी झाली आहे. दादा घरी येताच मशीनसमोर बसले. "डॉक्टरांक काय कळता? ऐका!" वाजवून झाल्यावर म्हणाले, "आसा काय फरक?" खरंच फरक नव्हता. दोन वर्षांपूर्वी इतकाच आवाज होता. मी चकित होऊन खोक्याकडे पाहिलं. आवाजाच्या बटणावरची पांढरी रेघ, पहिल्या दिवशी घड्याळात दहा वाजतात त्या जागी असलेली, आता फिरत फिरत चारच्या पलीकडे गेली होती. म्हणजे रोज सकाळी मशीन पुसताना शकूताई ते बटण केसभर पुढे सरकवत आल्या होत्या. आता पुढे फार जागा नव्हती.

"आवाज पयल्यासारखोच आसा, दादा," शकूताई म्हणाल्या.

दारापर्यंत त्या मला सोडायला आल्या. माझे डोळे भरलेले बघून वैतागल्या. "रडतेस काय? हसमुखभाईला सांगून ठेवलंय मी. आतलं मशीन मोठं बसवून देणार आहे तो, खोकं हेच ठेवून. दादा दुपारी झोपतो तेवढ्यात. शनिवारी मोकळी आहेस ना?"