खेळ विभागाला अनुमोदक पाहिजे

सुदामराव ओव्हाळ ठराव झाल्याशिवाय चहासुद्धा पीत नसत. कँटीनच्या बाकावर बसायचे, चष्मा पुसायचे आणि म्हणायचे, "चहा घ्यावा असं मी सुचवतो. अनुमोदक कोण?" आमच्यापैकी कुणीतरी हात वर करून अनुमोदन दिलं की मगच चहा. एकदा आम्ही सगळ्यांनी मुद्दाम गप्प बसायचं ठरवलं. गडी पाच दिवस बिनचहाचा राहिला. सहाव्या दिवशी कँटीनवाल्यालाच दया आली आणि त्यानं पातेलं खाली ठेवून अनुमोदन दिलं.

खिडकी उघडायची तरी तेच, पंखा लावायचा तरी तेच. तुळजापूरच्या स्टँडवर कंडक्टरनं अनुमोदन दिलं नाही म्हणून त्यांची एसटी दोनदा चुकलेली. आमच्या दूध संघात ते फॅटच्या नोंदी ठेवायचे आणि संचालकांच्या सभांची इतिवृत्तं लिहायचे. मी शेजारच्या पशुखाद्याच्या गोदामावर कारकून. इतिवृत्तं लिहून लिहून माणसाच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं माझं मत होतं, आणि ते मी गावभर सांगतही होतो. हा नाद त्यांना कधी लागला, हे विचारायचं मात्र कधी सुचलं नाही.

त्याच सुमारास संघानं कॉम्प्युटर घेतला. जिल्ह्यात असलं यंत्र कुणी बघितलेलं नव्हतं. नारळ फोडला तोही बाहेर पायरीवर, आत पाणी उडायला नको म्हणून. सुदामरावांना शिकायला पंधरा दिवस पुण्याला धाडलं. ते शिकून आले आणि पावसानं दडी मारली. चारा संपला, जनावरं छावणीत गेली, दूध आटलं. फॅट मोजायला दूधच नाही म्हटल्यावर यंत्र नुसतं कापड पांघरून बसलं.

"बसून राहिलं तर बिघडंल," सुदामराव म्हणाले. यंत्र चालू ठेवावं असं त्यांनी सुचवलं, मी अनुमोदन दिलं. पुढचे दोन महिने ते वह्यांवर वह्या लिहीत होते. मग एका दुपारी मला हाताला धरून आत नेलं. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. त्यातलं एक अक्षर म्हणजे पाण्याचा टँकर, गोल शून्यं म्हणजे गावं, फुल्या म्हणजे खड्डे. बटणं दाबून टँकर खड्डे चुकवत न्यायचा आणि गावागावात पाणी टाकायचं. मी आयुष्यात सायकल सोडून काही चालवलं नव्हतं. पहिल्याच खड्ड्यात टँकर उलटा केला आणि पडद्यावर आलं, 'सभा तहकूब'.

खरी गंमत सुरुवातीला होती. खेळ सुरू करायचा तर यंत्र आधी सूचकाचं नाव विचारायचं, मग अनुमोदकाचं. दोन्हीकडं एकच नाव टाकलं तर ढिम्म हलायचं नाही. म्हणजे एकट्यादुकट्यानं खेळायची सोयच नाही. मी म्हटलं, दुसरं खोटं नाव टाकलं तर? सुदामरावांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी दुधात पाणी घालायला सांगितलं होतं.

बघता बघता अख्खा संघ त्या खोलीत लोटला. चेअरमन धोतराचा सोगा खोचून खुर्चीवर मांडी घालून बसायचे आणि रोज त्याच खड्ड्यात पडायचे. तो खड्डा बुजवावा अशी त्यांनी तोंडी सूचना केली, सुदामरावांनी लेखी मागितली. मग ईटच्या संचालकांनी हरकत घेतली की आमच्या गावाला पाणी शेवटी का. ईटला वर घेतलं तर सास्तूरचे रुसले. तामलवाडीचे म्हणाले, आमचं गाव एवढंसं शून्य का, मोठं करा. सुदामरावांनी सगळ्यांचे अर्ज घेतले, छाननी केली आणि सुधारित खेळ काढला, त्यात सगळी गावं एका ओळीत, सारख्या मापाची. तेवढ्यात खरे टँकरवाले ड्रायव्हर बघायला आले आणि पोट धरून हसले. ह्यो टँकर गळत कसा न्हाय, असं त्यांचं म्हणणं. रास्त मुद्दा होता. तिसऱ्या आवृत्तीत टँकर गळायला लागला आणि संघाचं निम्मं कामकाज बंद पडलं.

त्या वर्षीच्या वार्षिक अहवालात पशुखाद्य विभाग आणि वाहन विभाग यांच्या मध्ये सुदामरावांनी एक ओळ घातली, 'खेळ विभाग: काम समाधानकारक'. अहवाल सभेत कोण वाचतो? वाचला असं समजून मंजूर झाला. मंजूर म्हणजे मंजूर, सहकारात त्याच्या पुढं कुणाचं चालत नाही. सुदामरावांनी रंगाऱ्याकडून पाटी करून घेतली. विभागप्रमुख ते. विभागात दुसरं कुणी नव्हतं, मी आपला मानद अनुमोदक. डबासुद्धा मी तिथंच खायला लागलो. ते दिवस लई मजेत गेले, हे कबूल केलं पाहिजे.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. दूध आलं आणि दुधाबरोबर नवे मॅनेजर आले. खेळ विभागाची पाटी बघून त्यांनी ती दोनदा वाचली. यंत्र कामाला पाहिजे, खेळ पुसून टाका, आणि हा विभाग सभेत कायमचा बंद करा, असा त्यांचा हुकूम. सुदामराव डगमगले नाहीत. सभेत आपणच ठराव मांडणार म्हणाले. सोमवार ते शनिवार दुपारपर्यंत यंत्र दुधाचं, शनिवारी दुपारनंतर खेळाचं. एक अनुमोदक मिळाला की काम फत्ते, आणि तो तर घरचाच होता.

सभेला मंडप भरला होता. सुदामराव इस्त्रीचा सदरा घालून उभे राहिले. ठराव वाचला. "सूचक मी," म्हणाले, "अनुमोदक कोण?" आणि सरळ माझ्याकडं बघितलं.

माझ्या बढतीचा कागद तेव्हा मॅनेजरांच्या टेबलावर होता. ते पहिल्या रांगेतून मान वळवून बघत होते. मी खाली बघितलं. चपलेचा अंगठा तुटायला आला होता, तो नीट बघितला. चेअरमननी खोकून घेतलं. ईट नाही, सास्तूर नाही, कुणी बोललं नाही. अनुमोदनाअभावी ठराव बारगळला, आणि हे वाक्य इतिवृत्तात सुदामरावांनीच आपल्या हातानं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी खेळ पुसायचा होता. दुपारी मी खोलीच्या दारात चार वेळा जाऊन आलो. पाचव्यांदा आत गेलो. सुदामराव यंत्रासमोर बसले होते. पडद्यावर सूचक म्हणून त्यांचं नाव. खाली अनुमोदकाची जागा रिकामी, तिथं हिरवी खूण लुकलुकत होती. जेवणाच्या सुट्टीपासून ते असेच बसले होते.

मी म्हटलं, "सुदामराव, चुकलं माझं."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. पडद्याकडं बघतच म्हणाले, "सुशी होती तवर घरात बोलायला माणूस होतं. चहा करू का म्हटलं की व्हय म्हणायची. आता घरात कायबी म्हटलं तरी कुणी व्हय म्हणत न्हाय. म्हून मग हितं विचारायची सवय लागली."

सुशीला वहिनी जाऊन पाच वर्षं झाली होती. मातीला मी गेलो होतो. त्यानंतर पाच वर्षं या माणसाच्या चहावर मी अख्ख्या गावाला हसवलं, आणि ते पाच बिनचहाचे दिवस ठरवणाराही मीच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी खुर्ची ओढली आणि रिकाम्या जागी माझं नाव टाकलं. टँकर निघाला. त्या दिवशी सुदामरावांनी एकही खड्डा घेतला नाही. तामलवाडी, सास्तूर, ईट, सगळीकडं पाणी पोचलं आणि पडद्यावर 'ठराव सर्वानुमते मंजूर' आलं. ते वाचून झाल्यावर त्यांनी स्वतःच खेळ पुसला.

पाटी काढून त्यांनी काखेत घेतली. कुलूप लावून आम्ही पायरीवर आलो.

"आज तुमच्या घरी चहा करावा," मी म्हटलं, "असं मी सुचवतो."

सुदामरावांनी चष्मा काढला, बराच वेळ पुसला.

"अनुमोदन," ते म्हणाले.