कमी गुणांचं कारण

बायकोचा एम.एस्सी.चा अर्ज आपणच भरायचा, असं किशोरने ठरवलं आणि तिथेच घोटाळा झाला. तसा त्याचा हक्कच होता म्हणा. महाडच्या कचेरीसमोर टेबल टाकून तो लोकांचे अर्ज लिहून देतो. त्याने लिहिलेला अर्ज साहेब मंजूर करतात (निदान वाचतात तरी).

वैशालीचा बी.एस्सी.चा सीजीपीए पाच पॉइंट दोन. कंपनीच्या लॅबमध्ये तिच्याच हाताखाली शिकलेली पोरं एम.एस्सी. करून तिची साहेब झाली, आणि ही अजून बाटल्यांना लेबलं चिकटवतेय. यंदा सीट मिळालीच पाहिजे, हे तिने भांडी आपटून आपटून सांगितलं होतं.

अर्जात एक रकाना होता, कमी गुणांचं कारण. किशोरचं टाळकंच सडकलं.

"कारण विचारनारे हे कोन? मार्क आमचे!"

पण रकाना रिकामा सोडणं त्याच्या धंद्यात बसत नव्हतं. एकवीस सालच्या पुरानंतर त्याने भरपाईचे इतके अर्ज लिहिले होते की हात आपोआप चालला. ‘महापुरात पुस्तके पाण्याखाली गेल्याने’ असं ठोकून, वैशालीला न दाखवता त्याने अर्ज पाठवूनही दिला.

मुलाखत व्हिडिओ कॉलवर झाली. किशोर कपाटाआड उभा, वर बनियन, खाली टॉवेल.

"मॅडम, पूर एकवीसला आला," पलीकडचे सर म्हणाले. "तुमची परीक्षा तर एकोणीसला झाली."

"कसला पूर?"

सरांनी अर्ज वाचून दाखवला. वैशालीने कपाटाकडे असं पाहिलं की किशोर आणखी आत सरकला.

"सर, तेव्हा आम्ही कापडे गावात राहायचो, पार डोंगरावर. तिथे पाणी येत नाही, डोक्यावरून आणावं लागतं!"

"मग गुण कमी का?"

"शिमग्याची पालखी! नवीनच लग्न झालेलं. ऐन प्रॅक्टिकलच्या दिवशी गावदेवाची पालखी घरी आली, आणि ह्यांनी मला पाहुण्यांसाठी पोळ्या लाटायला बसवलं. वर म्हणतात, परीक्षा काय, परत देता येते!"

किशोर टॉवेल सावरत स्क्रीनसमोर आला.

"पालखी वर्साची एकदाच येते, सर! पावन्यांना काय उपाशी घालवू? सून नाय घरात म्हनून सांगू?"

"आणि पुढच्या प्रॅक्टिकलला पालखी आली तर?" सरांनी शांतपणे विचारलं.

किशोरने वैशालीकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते. त्याला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचीच चीड आली.

"पोळ्या मी लाटीन."

"तुम्हाला येतात?"

"येतात की! कधीपासून लाटतोय."

"साफ खोटं, सर," वैशाली म्हणाली. "ह्यांना चहासुद्धा येत नाही. पण मला सीट द्या. मी ह्यांना घासून घासून पाच पॉइंट दोनपर्यंत आणते."

सीट मिळाली. पोळ्यांत किशोर अजून दोनवर अडकलाय.