भिंगरीच्या आईची हरकत

"नुसतं उभं राहायचं आणि म्हणायचं, 'माझी हरकत आहे.' संपलं!" भिंगरीच्या बाबांनी ऑफिसातून तिसऱ्यांदा फोन करून सांगितलं.

"आणि कारण विचारलं तर?"

"तर सांगायचं. काळजीची कारणं सुचायला तुला वेळ लागतो होय?"

टोमणा होता, पण खोटा नव्हता. लेक पळायला लागल्यापासून भिंगरीच्या आईने घरातल्या प्रत्येक टेबलाच्या कोपऱ्याला स्पंज चिकटवला होता. कपाटांना दोऱ्या बांधल्या होत्या. त्या आता तिला स्वतःलाच सुटत नव्हत्या. पण या वेळची काळजी स्पंजाने भागणारी नव्हती.

झालं होतं असं, की गल्लीतला रस्ता दुरुस्त करायचं नगरपालिकेने एकदाचं मनावर घेतलं. खड्डे बुजणार म्हणून सगळे खूश झाले. मग कळलं, की रस्ता नुसता दुरुस्त नाही, रुंदही होणार, आणि तोही एकाच बाजूने. या बाजूने झाला तर भिंगरीच्या घराचं फाटक आणि अंगण जाणार. दार उघडलं की पोर थेट गाड्यांपुढे. त्या बाजूने झाला तर समोरच्या काकूंची गुलाबांची बाग जाणार. कुठली बाजू, ते आजच्या सुनावणीत ठरायचं होतं. हे कळल्यापासून दोन्ही घरं एकमेकांशी इतकं गोड बोलत होती, की ऐकणाऱ्याला धास्ती वाटावी.

भिंगरीला कडेवर घेऊन ती पोहोचली तेव्हा सभागृह गच्च भरलं होतं. रिकामी खुर्ची नेमकी काकूंच्या शेजारी.

"ये गं, बस. भिंगरी काय म्हणते?"

"बरी आहे काकू. तुमचे गुलाब काय म्हणतात?" असं विचारून झाल्यावर तिने जीभ चावली.

व्यासपीठावर वॉर्डाचे नगरसेवक रंगात आले होते. "रस्ता रुंद, तर विकास रुंद!"

"आधी खड्डे अरुंद करा!" मागून कुणीतरी ओरडलं.

सुनावणी घेणारे साहेब घाम पुसत होते. हशा ओसरल्यावर ते म्हणाले, "चला, पुढचं घर. बागवालं. रुंदीकरणाला काही हरकत?"

त्याच क्षणी भिंगरीने आईच्या मांडीवरून हात लांब करून पुढच्या टेबलावरचा पाण्याचा पेला उचलला आणि अगदी मन लावून काकूंच्या उघड्या पर्समध्ये रिकामा केला. आत मोबाईल होता, चष्मा होता, गोळ्यांची पाकिटं होती.

"अगं बाई! सॉरी काकू, सॉरी हं, लक्षच नव्हतं माझं..."

काकू उठून उभ्या राहिल्या. पर्समधून धार लागली होती. "हरकत नाही," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या.

"हरकत नाही," असं पुटपुटत कारकुनाने लिहून घेतलं.

भिंगरीची आई जागच्या जागी गोठली. म्हणजे रस्ता काकूंच्या बाजूने! आपलं फाटक वाचलं, अंगण वाचलं, पोर वाचली. आपण काही केलंच नाही. केलं ते पोरीने, आणि पोरीला काय कळतंय? गप्प बसायचं, बस्स. ती गप्प बसलीसुद्धा. पण शेजारी काकू निमूटपणे एकेक गोळी रुमालाने टिपत होत्या, आणि ते काही तिला बघवेना.

"साहेब, माझी हरकत आहे!"

"तुमचं घर?"

"समोरचं. पण माझी हरकत त्यांच्या 'हरकत नाही'ला आहे."

"म्हणजे त्यांची हरकत आहे?"

"आहे ना! ती 'हरकत नाही' पाण्याची होती, रस्त्याची नव्हती."

"पाइपलाइनचा विषय पुढच्या महिन्यात," कारकून म्हणाला.

"बस गं खाली," काकूंनी तिची बाही ओढली.

"नाही काकू, तुम्ही भिडेखातर बोलू नका!"

साहेबांनी डोळे मिटले. "ताई, तुमच्या स्वतःच्या घराचं काय?"

"त्यालाही हरकत आहे."

"म्हणजे रस्ता इकडूनही नको, तिकडूनही नको?"

"नकोच!" मागून आवाज आला. "खड्डे तेवढे बुजवा!" मग साऱ्या सभागृहानेच तो सूर धरला. ज्यांची घरं या गल्लीत नव्हती तेही ओरडू लागले. भिंगरी टाळ्या वाजवू लागली.

"एका बाजूची हरकत आहे," साहेब थकून म्हणाले, "आणि दुसऱ्या बाजूची आहे की नाही, यालाच हरकत आहे. हे असं वर पाठवलं तर मला घरी बसवतील. रुंदीकरण रद्द. फक्त दुरुस्ती करा."

"मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो!" नगरसेवक म्हणाले, आणि टाळ्या त्यांनाच पडल्या.

बाहेर पायरीवर भिंगरीच्या आईने सुटकेचा निःश्वास टाकला. "काकू, थोडक्यात वाचली हो तुमची बाग. त्या कारकुनाने पाण्याचं उत्तर रस्त्याला लावलं होतं."

"पाण्याचं?" काकूंनी पर्स उलटी करून झटकली. "अगं वेडे, रस्त्याचंच बोलले होते मी."

"रस्त्याचं? आणि गुलाब?"

"गुलाब काय, कुंडीतही येतात. रोज संध्याकाळी तुझी ही भिंगरी फाटकाकडे सुटते आणि तू एका पायात चप्पल घालून तिच्या मागे. खिडकीतून बघताना माझाच जीव वरखाली होतो. म्हटलं, राहू दे बाई हिचं फाटक."

सगळ्यांवर नजर ठेवता ठेवता आपल्यावरही कुणाची नजर असेल, हे भिंगरीच्या आईच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले. "आणि मला वाटलं, तुम्ही पर्सचं म्हणालात..."

"पर्सचं?" काकूंनी मोबाईल कानाशी धरून हलवला. आत पाणी डुचमळलं. "पर्सला माझी सक्त हरकत आहे. पण ते कुणी विचारलंय का मला?"