तुलनेच्या शाळेतल्या बाई

सोमवारी सटाण्याच्या पुढच्या एका गावात जीपमधून उतरताच डॉ. प्रतिभा सोनवणेंच्या कपाळाला कुंकू लागलं आणि गळ्यात झेंडूचा हार पडला.

"बाई उनी! शाळाले बाई उनी!" शाळेला बाई आल्याचं सरपंचांच्या आई यशोदाबाई ओरडून सांगू लागल्या.

प्रतिभा अर्थतज्ज्ञ. शिक्षणाच्या योजनांचा पोरांना खरंच फायदा होतो का, हे तपासणं तिचं काम. २००४ साली जिल्ह्यातल्या काही शाळांना जादा शिक्षिका मिळाली होती, काहींना मुद्दाम दिली नव्हती. दोन्हीकडची पोरं किती शिकली ते ताडून पाहायचं. हे गाव न मिळालेल्यांपैकी, तुलनेसाठीचं. इथं नुसतं बघायचं, कशाला हात लावायचा नाही, हा नियम तिनंच केलेला.

"मावशी, अहो, मी..."

तेवढ्यात शाळेचे एकुलते एक शिक्षक जयराम गुरुजी धावत आले. "बरं झालं आलात! पुतणीची हळद आहे हो." खडू तिच्या हातात कोंबून गुरुजी सायकलवरून पसार.

आत चार इयत्ता एकाच सतरंजीवर. दोघांची जुंपली, तिसऱ्यानं शाई सांडली. 'जरा गप्प बसवू आणि निघू,' म्हणत प्रतिभा फळ्यापुढं उभी राहिली. एकेकाळी तिला डीएड करायचं होतं. पण मार्क जास्त पडले आणि घरच्यांनी हौसेनं अर्थशास्त्राला घातलं. पुढं शाळा ढिगानं तपासल्या. खडू हातात आला तो आज. शाळा सुटली तेव्हा तिचा पदर पांढरा झाला होता आणि पायल नावाची चिमुरडी भागाकार करत होती.

"बाई, सकाळले लवकर या," पायल म्हणाली. पोरींनी बाईंसाठी शाळेमागची खोलीसुद्धा झाडून ठेवली होती.

प्रतिभानं यशोदाबाईंना बाजूला घेतलं. "मावशी, चूक झाली. मी बाई नाही, तपासायला आलेय."

"माले माहीत शे. जीपवर लिखेल शे ना."

"मग हा हार?"

"पोरी रोज इचारतस, बाई कव्हय येई? मी म्हनं, एक दिन तरी येऊ दे."

प्रतिभानं हार तसाच गळ्यात ठेवला आणि जीपमध्ये बसली.

पुण्याला परतल्यावर तिनं ते गाव अभ्यासातून वगळलं. साहेबांचा लगेच फोन.

"अहो, का? तिथं तर शिक्षिका नव्हती ना?"

"होती, सर. सोमवारी."

"मग आता कुठं गेली?"



"पुण्याला आली," ती म्हणाली.