भिवा साळिंदराच्या वायरी

बाळांनो, साळिंदराला गिटार वाजवताना तुम्ही कधी पाहिलंय का? नाही ना? मग नीट मांडी घालून बसा.

एका जंगलात भिवा नावाचा साळिंदर राहत होता. त्याच्याकडे एक जुनी गिटार होती. पाठीवरून गळालेला काटा उचलायचा आणि त्यानं तारा छेडायच्या, एवढंच त्याचं सामान. रोज संध्याकाळी तो पाणवठ्यावर वाजवायचा. हत्तीणमावशी ऐकायला यायची. तिला एकच चाल आवडायची. तिचं पिल्लू आजारी होतं तेव्हा भिवानं ती चाल बसवली होती.

एकदा तिथे बगळेराव आले. तालुक्याच्या मंगल कार्यालयाशेजारी चिंचेवर ते दोन वर्षं राहिले होते. त्यामुळे त्यांना साउंडमधलं सगळं कळत असे.

"काट्यानं वाजवतोस?" ते म्हणाले. "आणि अ‍ॅम्प्लिफायर नाही? पेडल नाही? याला वाजवणं नाही, खाजवणं म्हणतात."

भिवा फार लाजला. त्यानं सामान आणलं. पाणवठ्यासाठी मोठा स्पीकर आणि पायानं दाबायची चार पेडलं. घरच्या रेकॉर्डिंगसाठी माईक, हेडफोन आणि कॉम्प्युटर. वीज कुठून आली ते विचारू नका. बोधकथेत वीज असते.

आता एक गंमत ऐका. भिवा वळला की एखादी वायर त्याच्या काट्यांत अडकायची आणि निघून यायची. मग तो ती शोधायला वळायचा, की दुसरी निघायची.

उन्हाळा वाढला. पाणवठा आटला. एका दुपारी मावशी बिळाच्या तोंडाशी येऊन बसली.

"भिवा, उद्या पहाटे आमचा कळप डोंगरापलीकडे जातोय. माझं वय झालंय, परत येणं व्हायचं नाही. एकदा ती चाल वाजव की."

"वाजवतो ना, मावशी. रेकॉर्डच करून देतो. फक्त एवढं जोडून होऊ दे."

"मला स्पीकर कशाला रे? माझे कान बघितलेस का?"

"मावशी, टोन म्हणून काही असतो," बगळेराव एका पायावर उभे राहून म्हणाले.

भिवा जोडत राहिला. हॅलो, चेक. हॅलो, चेक. स्पीकर बोलला तेव्हा पेडल गप्प. पेडल बोललं तेव्हा माईक गप्प.

"मावशी, श्वास जरा हळू घेता का? माईकमध्ये वारा येतोय."

मावशीनं बिचारीनं श्वास धरला. मग पोट गुरगुरलं. तिनं पोटाचीही माफी मागितली.

"भिवा, काटा कुठंय तुझा? नुसत्या काट्यानं वाजव, बाळा."

"झालंच, मावशी. एकच वायर राहिली."

वाट बघता बघता मावशी ती चाल स्वतःच गुणगुणू लागली. जाड, खोल आवाजात, डोळे मिटून. जमीनसुद्धा हळूच थरथरत होती. अंधार पडू लागला तशी ती उठली. तिनं भिवाच्या डोक्यावरून सोंड फिरवली, काटे चुकवून.

"तुझं काम चालू दे," ती म्हणाली आणि गेली.

ती गेल्यावर भिवाला कळलं, की माईक मघापासून चालू होता. रेकॉर्डिंग झालं होतं. त्यानं हेडफोन लावून ऐकलं. आधी बराच वेळ हॅलो, चेक. मग मावशीचं गुणगुणणं.

"आवाज खराब आलाय," बगळेराव म्हणाले. "ही खालची घरघर काढून टाक."

भिवानं बटण दाबलं. घरघर गेली. उरलं ते फक्त हॅलो, चेक.

तात्पर्य: बाळांनो, हातात नुसता काटा असता तर भिवा चाल वाजवून मोकळा झाला असता आणि इतकं स्वच्छ रेकॉर्डिंग जंगलाला कधीच मिळालं नसतं. म्हणून सामान नेहमी चांगलं घ्यावं आणि एक वायर जास्तीची ठेवावी.

दुसऱ्या दिवशी पहाटे हत्तींचा कळप डोंगरापलीकडे गेला, आणि थोड्या वेळानं भिवाचं सगळं जोडून झालं.