कणकेतला ब्रिज

खोटं कशाला बोलू? मी मिलिंदवर जळतो.

मिलिंद माझा साडू. माझी बायको संध्या आणि त्याची बायको प्रीती या सख्ख्या बहिणी. संध्या थोरली, म्हणजे मी थोरला जावई. थोरल्या जावयाचा मान काय असतो ते मी फक्त ऐकून आहे. सासरी मी गेलो की "या, बसा" म्हणतात, आणि मिलिंद आला की बसलेले उठतात. त्याचे केस दाट. त्याची मोटरसायकल पहिल्या किकला चालू. बदलापूरला त्याचा टू-बीएचके (मी अंबरनाथला वन-आरकेत, आणि त्यातला 'के' म्हणजे ओटा). हे सगळं मी पोटात घातलं होतं. पण दोन हजार सहाच्या बुद्धपौर्णिमेला त्यानं हद्द केली. बास गिटार घेऊन आला. पाच तारांचा!

आमचे सासरे शंकरराव, आम्ही त्यांना मामा म्हणतो. त्यांची उल्हासनगरात भीमगीतांची पार्टी आहे. त्या पार्टीत आठ वर्षं बास वाजवत होतो मी. चार तारांचा. त्यातल्या तीन तारा मला चांगल्या यायच्या, चौथीशी फारसं बोलणं नव्हतं. पण जागा माझी होती, मामांच्या पेटीच्या उजव्या हाताला. त्या दिवशी मिलिंदनं सगळ्यात जाड तारेवर असा एक घुमारा काढला की मामांनी डोळेच मिटले. पुढच्या रविवारी माझ्या हातात खंजिरी आली.

"जावईबापू, तुमचा हात ठेक्याला बरा आहे," मामा म्हणाले.

घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं. त्याच्याकडे पाच ना? मग माझ्याकडे सहा. आणि चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात पेटीच्या उजव्या हाताला मीच बसणार.

"सहा तारांचं करणार काय?" संध्यानं विचारलं.

"वाजवणार."

"आधी चौथी तरी वाजवा."

(बायको माहेरच्या बाजूनं बोलायला लागली की माणसानं विषय बदलावा. मी बदलला नाही. तिथंच चुकलं.)

उल्हासनगरच्या वाद्यांच्या दुकानातला शेठ म्हणाला, "साईं, छह तार चाहिए तो सीधा गिटार ले लो ना! बेस में छह कौन माँगता है?" ज्या अर्थी कोणी मागत नाही त्या अर्थी तो मिलिंदकडेही नसणार, म्हणून मला अजूनच हवासा वाटला. शेवटी सोनिवलीच्या चांगो सुताराला गाठलं. तो भजनी मंडळांच्या पेट्या दुरुस्त करायचा, ढोलक्यांची खोडं कोरायचा. त्यानं माझा जुना बास उलटसुलट केला, डोकं खाजवलं, आणि बारवी धरणाकडच्या कुठल्याशा पडक्या घराची फणसाची तुळई आणून कामाला लागला. तीन महिन्यांत असं देखणं अंग तयार केलं की मी त्याच्या पडवीत बसून त्यावरून नुसता हात फिरवत राहायचो.

एक दिवस चांगो म्हणाला, "शेट, बाकी सगला झाला. आता ब्रिज कनचा बसवू? आनि टेलपीस त्याच्यातच का येगला?"

आता गंमत बघा. आठ वर्षं बास वाजवून त्या भागाला मी 'खालचं लोखंड' म्हणत आलो होतो. चांगोनंच मला समजावलं. तारा ज्याच्यावर टेकतात तो ब्रिज. तारांची शेपटं जिथं अडकवतात तो टेलपीस. कुणी दोन्ही एकाच तुकड्यात घेतं, कुणी वेगवेगळे.

"येगला घेतला तं आवाज येगला. तुजा कान काय बोलतो?"

माझा कान काहीच बोलत नव्हता. "जरा अभ्यास करून सांगतो," म्हणालो आणि सटकलो.

अभ्यास करायला जगात एकच माणूस होता. मिलिंद. आणि त्याला विचारायचं म्हणजे? मेलो असतो तरी विचारलं नसतं!

तर पुढच्या रविवारी त्यानंच आम्हाला जेवायला बोलावलं. आम्ही पेढ्यांचा खोका घेऊन गेलो. मिलिंद खाली पान आणायला गेला होता, आणि आतल्या खोलीत पलंगावर त्याचा बास पडला होता. तारा बदलायच्या म्हणून सगळ्या काढून ठेवलेल्या. ब्रिज आणि टेलपीस, दोन्ही वेगवेगळे, दोन्ही उघडे. माप घ्यावं तर टेप नाही, कागद नाही. मी अंबरनाथच्या एका कारखान्यात स्टोअरचा क्लार्क. रोज डोळ्यांसमोर साचे बघतो. एकदम सुचलं. साचा!

स्वयंपाकघरात प्रीतीनं कणीक मळून ठेवली होती, आणि दोघी बहिणी गॅलरीत बोलत होत्या. मी पाणी प्यायच्या मिषानं शिरलो, दोन मोठे गोळे उचलले, बोटाला तेल घेतलं (चिकटू नये म्हणून, एवढी अक्कल आहे मला), आणि एक गोळा ब्रिजवर, एक टेलपीसवर दाबला. असे छाप उठले म्हणून सांगू! टेलपीसवर मधोमध काहीतरी बारीक नक्षी होती (घाईत ती नीट बघितलीच नाही), तीसुद्धा फुगीर होऊन कणकेत आली. फडक्यानं बास पुसून घेतो न घेतो तोच जिन्यात मिलिंदच्या चपला वाजल्या. ठेवणार कुठं? टेबलावरचे पेढे मी ताटात ओतले आणि गोळे त्या खोक्यात घातले.

जेवायला बसलो तर प्रीती म्हणाली, "अगं, कणीक कमी कशी पडली? मी तर मोजून भिजवली होती."

"मला चपाती नकोच," मी घाईनं म्हणालो. "मी आताशा भातच खातो."

"कधीपासून?" संध्या म्हणाली.

निघताना खोका मी काखेत मारला. दारात प्रीती बघतच राहिली. "भाऊजी, खोका...?"

"लागतो," मी म्हणालो.

स्कूटरवर मागे बसून संध्या जी सुरू झाली ती चिखलोलीपर्यंत थांबली नाही. "लोक मिठाई नेतात आणि खोका तिथंच ठेवतात हो! रिकामा खोका परत मागणारा माणूस मी जन्मात पाहिला नाही! माझ्या बहिणीच्या घरी माझी ही शोभा!" खोका रिकामा नाही, एवढंही म्हणता येत नव्हतं.

सोमवारी खोका घेऊन कारखान्यातल्या महिपतीकडे गेलो. महिपती आमचा ओतारी, हातात जादू असलेला माणूस. छापात प्लास्टर ओतायचं, त्या प्लास्टरवरून वाळूत साचा, आणि साच्यात पितळ. त्यानं कणकेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"ही नक्षीपण पाहिजे का, साहेब?"

"नक्षीसकट. हुबेहूब. काय कमी नको, काय जास्त नको."

"मग तसंच होईल," तो म्हणाला. त्यानं शब्द पाळला, तोच माझा घात.

मार्च अखेर म्हणजे आमच्याकडे स्टॉक मोजायची धांदल. मला मान वर करायला फुरसत नव्हती. महिपतीनं तयार माल परस्पर चांगोकडे पोचवला. चांगोचे चार मिस कॉल आले. मला वाटलं, झालं म्हणून सांगत असेल. मी निरोप पाठवला, एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी बास घेऊन थेट मामांच्या घरी ये, तालमीला.

त्या रविवारी मामांची खोली भरलेली, दोघी बहिणीही आलेल्या. मिलिंद पेटीच्या उजव्या हाताला बसलेला. चांगो जुन्या पडद्यात गुंडाळलेलं बोचकं घेऊन दारात आला.

"शेट, येक बोलायचा व्हता..."

"नंतर, चांगो."

"अरे, पन तो ब्रिज..."

"नंतर म्हटलं ना!" आणि मी सगळ्यांसमोर पडदा ओढला.

काय सांगू! फणसाचं ते पिवळंधमक अंग, आणि त्यावर महिपतीचं घासूनपुसून चकचकीत केलेलं पितळ. मामांनी चष्मा काढून पुसला. आणि मिलिंदचा चेहरा पडला. आईशप्पथ पडला! अर्धा मिनिट तो माझ्यावर जळत होता. त्या अर्ध्या मिनिटासाठी मी पुन्हा सगळं करायला तयार आहे.

मग मामा मोजायला लागले. "वर तारा पिळायचे कान सहा." मग खाली आले. "तारा पाच?"

चांगोनं खिशातून गुंडाळलेली जाड तार काढली. "त्याच तं बोलत व्हतो. भोका पाचच हायत. सहावी कुठं बांदू?"

पाच तारांच्या बासचा ब्रिज! ज्या पाच तारांनी वर्षभर माझी झोप उडवली, त्याच पाच मी कणकेत मोजल्या नव्हत्या. आता सांगणार काय, ते जुळवतच होतो, तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन संध्या जवळ आली, आणि वाकून बघायला लागली.

"अहो, हे टेलपीसवर काय आहे?"

"नक्षी."

"नक्षी? मोठ्यानं वाचा बरं नक्षी."

मी वाचलं. एक बदाम होता. बदामात नाव होतं. प्रीती. कणकेत अक्षरं उलटी उठली होती, म्हणून मला वेलबुट्टी वाटली होती; पितळेत ती सरळ आली होती, आणि महिपतीनं हौसेनं जरा खोल केली होती.

संध्यानं ट्रे खाली आदळला.

"माझ्या बहिणीचं नाव? बदामात?"

"भाऊजी!" प्रीती उठून तिच्या आईच्या मागे जाऊन उभी राहिली.

मिलिंद सावकाश उभा राहिला. "दादा, तुमच्या बासवर माझ्या बायकोचं नाव कसं?"

मामांनी पेटीचा भाता बंद केला. "जावईबापू, खुलासा करा."

माझ्यापुढं दोनच वाटा होत्या. मेहुणीवर जीव आहे म्हणायचं, नाहीतर कणीक चोरली म्हणायचं. खरं सांगतो, क्षणभर पहिली वाट कमी लाजिरवाणी वाटली. पण संध्याच्या डोळ्यांत पाणी दिसलं आणि मी भडाभडा सगळं ओकलो. खंजिरीपासून पेढ्यांच्या खोक्यापर्यंत.

आधी प्रीती हसली. "म्हणून चपात्या कमी पडल्या!" मग तबलजी, मग मामा, आणि मग सगळी खोली. मिलिंद हसता हसता म्हणाला, "अहो दादा, आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला मी ते कोरून घेतलं होतं. पण मला विचारायचं ना! सहा तारांचं माप मी स्वतः काढून दिलं असतं." हा माणूस शिव्या घालेल तर बरं वाटेल, पण तेवढंही सुख देत नाही.

"पाच तारांचा एक आहे आपल्याकडे," मामा म्हणाले आणि खंजिरी माझ्याकडे सरकवली.

घरी येईपर्यंत संध्या स्कूटरवर माझ्यापासून वीतभर लांब बसली. मला वाटलं, कणकेचा राग. दार लागल्यावर ती म्हणाली, "मिलिंदनं तिचं नाव कोरलं. तुम्ही बारा वर्षांत माझं नाव कुठं लिहिलंत? रेशनकार्डावर. तेही तिथल्या क्लार्कनं. आणि पहिल्यांदा पितळेत नाव ओतलंत, ते तिचं!"

म्हणजे हिलाही जळायला येतं तर! लग्नानंतर पहिल्यांदा मला वाटलं, जोडा अगदी जमलाय.

त्यानं कोरलेलं नाव इंचभर होतं ना? मी घरच्या कणकेचा फूटभर पोळा थापला, काडीनं त्यात ठसठशीत 'संध्या' लिहिलं, भोवती दुप्पट मोठा बदाम काढला, आणि महिपतीकडे नेलं. दारावर लावायची पाटी.

"हुबेहूब?" त्यानं विचारलं.

"हुबेहूब."

पाटी आली ती उलटी. ओतकामात लिहिलेलं उलटं उमटतं, हे वीस वर्षं साच्यांजवळ बसूनही मला सुचलं नव्हतं. संध्यानं ती इकडून बघितली, तिकडून बघितली, मग आरशासमोर धरली. आरशात तिचं नाव सरळ दिसलं. ती खूप वेळ बघत होती. "राहू दे," म्हणाली, आणि पाटी आरशासमोरच्या भिंतीवर लावली.

पुढच्या आठवड्यात मिलिंद चहाला आला, त्यानं पाटी पाहिली. "दादा, आयडिया भारी! मीपण प्रीतीसाठी करून घेतो."

मिलिंद माझी नक्कल करणार! मी त्याला महिपतीचा नंबर दिला, कणीक कशी घट्ट मळायची तेही सांगितलं, आणि त्या रात्री लहान मुलासारखा झोपलो. महिन्याभरानं आम्ही बदलापूरला गेलो, तर त्याच्या दारावर पितळेची पाटी. बदामात प्रीती. सरळ.

"लिहिताना उलटं लिहिलं," मिलिंद म्हणाला. "सोपं असतं ते."

घरी आल्यावर संध्यानं पिठाचा डबा उचलला आणि माझा हात पोचणार नाही अशा फळीवर नेऊन ठेवला. (तिचा पोचतो. ती माझ्याहून दोन इंच उंच आहे. आणि मिलिंद तिच्याहून चार.)