चाळीस मुठी

“चाळीस मुली नेते आणि चाळीस आणते. एक जरी कमी भरली, तर शिवणयंत्राला पुन्हा हात लावणार नाही,” शिवणाच्या बाईंनी मुख्याध्यापिकाबाईंना ठणकावलं.

मुख्याध्यापिकाबाईंना मुलींची राजधानीची सहल मुळात नकोच होती. “एक जरी हरवली, तर ही शाळेची शेवटची सहल. गणिताच्या, भूगोलाच्या बाई सोडून शिवणाच्या बाई मुलींना नेणार, हेच मला पटत नाही.”

हे बाईंना झोंबलं. जिची वीस वर्षं टाके मोजण्यात गेली, तिला डोकी मोजता येणार नाहीत? त्यांनी शाळेचे जुने पडदे फाडून लांबलचक दोर वळला, त्याला चाळीस कापडी मुठी शिवल्या आणि मुलींना बजावलं, “जीव गेला तरी मूठ रिकामी ठेवायची नाही. मी डोकी नाही, मुठी मोजणार.”

मुलींनी ते ब्रह्मवाक्य मानलं.

राजधानीतल्या विधानसभेच्या इमारतीत तो दोर असा शिरला, की पहारेकरीसुद्धा भिंतीला चिकटले. दर तासाला मुख्याध्यापिकाबाईंचा फोन. “किती?” बाई मागे वळत, मुठी मोजत आणि मान ताठ करून सांगत, “चाळीस.”

तिसऱ्या फोनलाही सगळ्या मुठी भरलेल्या होत्या. फक्त सतराव्या मुठीला मिशा होत्या.

“आजोबा, तुम्ही इथं कसे?”

“एक पोर म्हणाली, जरा धरा, बाई रागावतात. धरली.” आजोबा निवृत्त पोस्टमन. हातात दिलेली वस्तू वाटेत टाकणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

अठरावी मूठ ड्यूटीवरच्या पोलीसबाईंच्या हातात होती. एकोणिसावी धरून एक सदस्यसाहेब उभे होते, काखेत फायली, कपाळावर घाम. “बाई, आत मतदान सुरू होतंय. सोडू का?”

“मुळीच नाही. जिची आहे ती येईपर्यंत थांबा.”

“किती?” फोनमधून पुन्हा आवाज आला.

चाळीस म्हटलं असतं तर खोटंही ठरलं नसतं. पण बाईंच्या जिभेला आडवाटा ठाऊक नव्हत्या. “मुठी चाळीस. त्यातल्या सदतीस आपल्या.”

“आणि उरलेल्या तीन?”

“एक पोस्टमन, एक पोलीस, एक लोकप्रतिनिधी.”

बाईंनी फोन बंद केला.

शोधायला एकट्या धावल्या तर सदतीस पांगणार. म्हणून अख्खा दोरच शोधायला निघाला. जिन्यावरून वर, जिन्यावरून खाली. पोलीसबाई वाट दाखवत होत्या, सदस्यसाहेब धापा टाकत होते. तळमजल्यावर लिफ्टचं दार उघडलं. आत तिघी राण्यांसारख्या उभ्या. काही बोलायच्या आत दार मिटलं आणि राण्या वर गेल्या.

त्यांच्या गावात दोन मजल्यांपेक्षा उंच इमारत नव्हती. लिफ्ट त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. ही नववी फेरी होती.

दहाव्या फेरीला बाईंनी दारात पाय घातला. तिघींतली मोठी घाबरत म्हणाली, “बाई, मूठ नाही हो रिकामी ठेवली.”

बाईंचा उगारलेला हात तिच्या विस्कटलेल्या वेणीवर जाऊन थांबला.

संध्याकाळी शाळेच्या फाटकाशी मुख्याध्यापिकाबाईंनी स्वतः दोनदा डोकी मोजली. चाळीस. तरीही बाईंना ऑफिसात बोलावलं. “तीन मुली हरवल्या होत्या. सहल बंद.”

“हरवलेलं पोर आपल्या जागी माणूस नेमून जात नसतं, बाई. गेल्या महिन्यात भूगोलाच्या बाई चार दिवस गायब होत्या, त्या कुणाला नेमून गेल्या होत्या? आणि परवा दुपारी तुम्ही?”

मुख्याध्यापिकाबाईंनी खणातून पुढच्या वर्षीचा सहलीचा कागद काढला, काहीतरी भरलं, सही ठोकली आणि बाईंपुढे सरकवला.

विद्यार्थिनी ऐंशी. सोबत शिक्षिका एक, शिवणाच्या.

“जमेल?”

“न जमायला काय झालं?” बाई तोऱ्यात म्हणाल्या, तोऱ्यातच बाहेर आल्या, दार नीट लोटून घेतलं आणि तिथंच पायरीवर मटकन बसल्या.